निळीतून काढलेलं पांढरं

गडद निळ्या डेनिमच्या जाकिटावर, पाठभर, चंद्राकडे मान उंचावून उभा असलेला लांडगा. हल्ली बडोद्यात मंगळबाजारात जा की रावपुऱ्यात, तो कुठल्या ना कुठल्या पोराच्या पाठीवर दिसतोच. कधी काळपट निळ्यावर, कधी आकाशीवर, कधी धुऊन धुऊन राखाडी झालेल्या कापडावर. पोरं चित्र बघतात. मी भावसाराचा, त्यात सगळी नोकरी गिरणीच्या रंगखात्यात केलेली, त्यामुळे माझी नजर आधी लांडग्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांवर जाते. हे पांढरं वरून चढवलंय, की खालचं निळं काढून उघडं केलंय? या प्रश्नामागे गुजरातच्या छापील कापडाचा मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आमच्या बडोद्यात घडला. बडोदेकरांनाच तो ठाऊक नसावा याची मला खंत वाटते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. कुंडात गूळ आणि चुना घालून ती आंबवावी लागते, तेव्हा कुठे ती पिवळट हिरवी होऊन सुतात शिरते. कापड बाहेर काढलं की हवा लागते आणि बघता बघता हिरव्याचं निळं होतं. माझे आजोबा सकाळी कुंडावरची तांबूस साय काठीने बाजूला सारायचे आणि खालचं पाणी निरखायचे. ते पिवळट दिसलं तर कापड आत जायचं; निळसर दिसलं तर कुंडाला आणखी गूळ मिळायचा आणि कापड घडीतच राहायचं. हवा लागताच रंग बदलणारी ही नीळ ठशाला लावून सरळ छापणं म्हणूनच फार अवघड. मग पांढरी नक्षी काढायची कशी? एक तर जिथे पांढरं हवं तिथे आधी चिखल, डिंक किंवा मेण छापायचं आणि मग कापड बुडवायचं. नाही तर अख्खं कापड निळं करून घ्यायचं आणि नंतर हवा तेवढाच रंग रसायनाने काढायचा. गिरणीत या दुसऱ्या कामाला आम्ही 'डिस्चार्ज' म्हणायचो.

पहिली रीत गुजरातची फार जुनी. इजिप्तमध्ये जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या उकिरड्यांत ठशांनी छापलेल्या, निळीत बुडवलेल्या सुती कापडाचे ढीगभर तुकडे सापडले, आणि ते गुजरातकडून समुद्रमार्गे गेलेले असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयातल्या न्यूबेरी संग्रहात असे हजाराहून जास्त तुकडे आहेत. त्यांवर वेलबुट्टी आहे, हंसांच्या रांगा आहेत. भोवतीचं कापड निळीने भरलं आणि चिखलाखालची नक्षी पांढरी राहिली, हे कुठल्याही रंगाऱ्याच्या एका नजरेत लक्षात येतं.

लांडग्याला मात्र इथल्या छापील देवदेवतांत जागा नव्हती. भालच्या गवताळ रानात, वेळावदरला तो आजही आहे, पण मेंढपाळाच्या लेखी तो वैरीच. कापडावर मान मिळाला तो त्याच्या भाऊबंदाला, कुत्र्याला. अहमदाबादची चितारा कुटुंबं 'मातानी पछेडी' छापतात आणि रंगवतात. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांनी देवीसाठी उभारलेलं हे कापडाचं देऊळ. त्यात खोडियार मगरीवर, मेलडी बोकडावर, बहुचरा कोंबड्यावर, आणि पिसाळलेल्या जनावरापासून राखणारी हडकाई माता कुत्र्यावर बसलेली. यातल्या बहुचरामातेचं बेचराजीचं देऊळ १७८३ साली मानाजीराव गायकवाडांनी बांधवलं, तेव्हा बडोद्याचं नातं इथेही आहेच. पछेडीचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून काळा करतात. लाल हवा तिथे तुरटी आणि चिंचोक्याची खळ लावतात आणि मग कापड अ‍ॅलिझरिनमध्ये उकळतात.

हे अ‍ॅलिझरिन पूर्वी मंजिष्ठेच्या मुळ्यांतून यायचं. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि थोड्याच वर्षांत जगभरची मंजिष्ठेची शेती बसली. १८९७ मध्ये बासफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. पिढ्यान् पिढ्या हाताच्या अंदाजावर चाललेला धंदा अशा रीतीने परक्या डब्यांतल्या भुकटीवर आला. भुकटी किती घ्यायची, पाणी किती तापवायचं, सोडा कधी घालायचा, हे रंगाऱ्याला सांगणार कोण?

याचं उत्तर बासफच्या निळीआधीच, १८९० साली, बडोद्यात मिळालं होतं. सुरतेच्या सुतार घराण्यातले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर तेव्हा बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने त्यांनी कलाभवन काढलं, आणि तिथल्या विषयांत रंगाई-छपाईला पहिल्यापासून मानाची जागा दिली. शिकवणं गुजरातीतून. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. इंग्रजी न येणाऱ्या रंगाऱ्याच्या पोरालाही, हिरडा लावल्यावर लोखंडाचा काळा पक्का का बसतो याचं कारण त्याच्याच बोलीत कळावं, हा गज्जरांचा आग्रह होता. 'रंगरहस्य' नावाचं रंगाईला वाहिलेलं नियतकालिक त्यांनी चालवलं, आणि शास्त्रीय पुस्तकं गुजरातीत यावीत म्हणून महाराजांनी पैसा दिला. याच कलाभवनात दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रणाचे धडे घेत होते. सिनेमावाले त्यांची आठवण काढतात, रंगवाल्यांनी गज्जरांची काढली पाहिजे.

गज्जरांची विद्या कसोटीला लागल्याची एक गोष्ट मुंबईत घडली. १८९६ मध्ये चापेकरांनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. भल्याभल्यांना तो डाग निघेना, तो काढला गज्जरांनी. दगडाला धक्का न लावता डाग उचलणं आणि सुताला धक्का न लावता नीळ उचलणं, दोन्हीकडे प्रश्न एकच: रसायन किती तीव्र घ्यायचं आणि कुठे थांबायचं. पुढे १९०७ साली गज्जरांच्या शिष्यांनी, कोटिभास्कर आणि अमीन यांनी, अलेम्बिकचा कारखाना उभा केला. कलाभवन १९४९ नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं. राजमहाल रोडवर आज तिथे इंजिनीअरिंगची मुलं शिकतात.

डेनिम आपल्याकडे उशिरा आलं. अहमदाबादच्या अरविंद मिलने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विणायला घेतलं. त्यातलं उभं सूत निळं असतं, आडवं पांढरं. उभ्या सुताचे दोर करून ते निळीत बुडवायचे, हवेवर धरायचे, पुन्हा बुडवायचे. जितक्या बुड्या जास्त तितका रंग गडद. पण नीळ सुताच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढराच राहतो. एक धागा उसवून नखाने पिळून बघा, आतलं पांढरं दिसेल. डेनिम विटतं ते यामुळेच, आणि लांडगाही यामुळेच काढता येतो.

आमच्या वेळेला छापील कापडातली नीळ बायक्रोमेटने काढत, मग ऑक्झॅलिक आणि गंधकाच्या तेजाबातून कापड फिरवत. त्या कुंडाजवळ हातमोज्यांशिवाय उभं राहणं म्हणजे कातडी गमावणं. आता डेनिमवर पोटॅशियम परमँगनेट फवारतात, जांभळा डाग तपकिरी होतो आणि धुतल्यावर पांढरा निघतो. अलीकडे तेही मागे पडून लेसर आला आहे. संगणकात चित्राचे करडे टप्पे भरायचे, आणि किरण त्या हिशोबाने निळीचा थर कमी-जास्त जाळत जातो. लांडग्याच्या कानामागची लव, नाकपुडीची ओल, दोन केसांमधली सावली, सगळं खालच्या पांढऱ्या सुतातून वर येतं.

म्हणून पोरांनी विचारलं की सांगतो, लांडगा घ्यायचा तर गडद कापडावरचा घ्या. आकाशी डेनिममधली बरीचशी नीळ आधीच धुण्यात गेलेली असते, काढायला शिल्लकच थोडी. तिथे चित्र गोंदातल्या रंगाने वरून थापावं लागतं. त्यावर बोट फिरवलं तर रबरासारखं लागतं, आणि धुवून धुवून त्याला चिरा पडतात. गडद कापडावर काढलेला लांडगा बोटाला लागत नाही. जाकीट जसं विटेल तसं भोवतालचं निळं फिकं होत जाईल आणि लांडगाही त्याच्याबरोबर पुसट होईल, पण त्याचा पोपडा निघणार नाही.