वरचा पाणवठा, खालचा पाणवठा

तलाव कुणी बांधला, घाट कुणी बांधला, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. ते पाणी कुणी तपासलं आणि तपासताना कुणाला नापास केलं, हे नसतं. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. गिरणीच्या रंगखात्यात पाळीवर जातो, उरलेल्या वेळात कविता करतो. पण हा हिशेब आपणच मांडायला पाहिजे, दुसरा कोण मांडणार?

आजीच्या गावात ओढ्याला दोन पाणवठे होते. वरचा गावाचा, खालचा आमचा. गावाची गुरं धुवून, धुणी होऊन राहिलेलं पाणी आमच्याकडं यायचं. आजी लुगड्याचं फडकं दुहेरी करून ते गाळायची. तिची प्रयोगशाळा तेवढीच.

आता महाड बघा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं आणि तळं ‘बाटलं’. मग शुद्धी झाली. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, वर मंत्र.

गड्यांनो, ही आपल्या इतिहासातली पाण्याची पहिली गाजलेली तपासणी. त्यात पाणी तपासलंच नाही, माणूस तपासला.

खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला, की आम्हाला अडवणारी रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालं नाही.

दुसरी तपासणी विलायतेतून आली. कारखान्यांनी आणि गटारांनी तिथल्या नद्या सडल्या, तेव्हा १८९८ साली एक रॉयल कमिशन बसलं. १९१२ च्या अहवालात त्यानं मोजमाप घालून दिलं, त्याला आज बीओडी म्हणतात. रीत सोपी आहे. पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचं. त्यातले जिवाणू घाण खातात आणि पाण्यातला प्राणवायू पितात. किती प्याले ते मोजायचं. जास्त प्याले तर घाण जास्त. तिकडं पाच दिवस ठेवतात. म्हणतात, तिथल्या नद्या पाच दिवसांत समुद्राला मिळतात म्हणून. आपल्याकडं २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात.

या मापानं महाडची शुद्धी मोजा. शेण, दूध, दही, सगळं जिवाणूंचं जेवण. ओंजळीनं तळ्याचा बीओडी वाढला नाही. वाढवला असेल तर शुद्धीनं.

म्हणून मला ही बाटली आवडते. ती जात विचारत नाही. पण बाटली कुणाच्या हातात आहे, हे आपण विचारायचं.

आमच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी निघाली. पवनेकाठची गावं कारखान्यांनी भरली, पुढं चाकणही भरलं. महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, १९७० साली मंडळ नेमलं. केंद्राचा कायदा १९७४ चा, तो महाराष्ट्रानं १९८१ साली घेतला. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर नको, असं ठरलं. आंघोळीच्या नदीचा ३ च्या वर नको. पाण्याच्याही प्रती ठरल्या, अ ते इ, पाच. चार वर्ण आणि पाचवा गावकुसाबाहेरचा ज्यांनी भोगला, त्यांच्या ध्यानात हा आकडा राहील.

एवढं होऊन २०१८ साली देशातले नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५३ महाराष्ट्राचे, पवना त्यात होतीच. शहर पिण्याचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतं, वरून. घाण खाली जाते. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढं भीमा, उजनी, पंढरपूर. इंद्रायणी आळंदीला फेस घेऊन येते आणि तुळापूरला भीमेलाच मिळते. खालचा पाणवठा मिटला नाही, लांब झाला. नदीकाठच्या झोपड्यांत कोण राहतं ते मी सांगायला नको.

आमच्या गिरणीत सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारी मोटार आहे. जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून ती रात्रंदिवस चालली पाहिजे. रात्रपाळीला ती बंद असते. वीज वाचते. सकाळी चालू होते, कारण बाटली दिवसा भरतात. नदी मात्र रात्रीही पिते. मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, “तुला पगार रंगाचा मिळतो, पाण्याचा नाही.” मी गप्प बसलो. घरी भाडं थकलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

कायद्यात नमुना कसा घ्यायचा ते नीट लिहिलंय. मंडळाच्या माणसानं घ्यायचा. मालकाला नोटीस, मालकासमोर दोन भाग, सील, सह्या. तसं नसेल तर कोर्टात तो पुरावा नाही. खालच्या पाणवठ्यावर राहणाऱ्याची सही त्यात कुठंच नाही.

१९२७ ला भांडण पाणी पिण्याचं होतं. आता भांडण त्या सहीचं आहे. हा अंक हातात पडेल तेव्हा आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींना बीओडी म्हणजे काय ते समजावून सांगा. आणि रात्री मोटार बंद असते, हे ज्याला ज्याला दिसतं त्यानं तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. मी कालपासून सुरू केलंय.