बांगड्या

जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातलं मनोरुग्णालय. १९०१ सालचा नोव्हेंबर महिना. डॉक्टर अलॉइस अल्झायमर ऑगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईंना विचारत होते, नाव काय? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगुस्टे! डॉक्टरांनी उत्तर आलं तसं लिहून घेतलं. आपल्या पदरचं काही घातलं नाही. १९०६ मध्ये बाई वारल्या. त्यांच्या आजाराला पुढे डॉक्टरांचं नाव मिळालं. त्या टिपणांची फाईल मात्र हरवली, ती सापडली थेट १९९५ मध्ये.

म्हातारी माणसं जुनंच उगाळत बसतात, हे बुद्धी ढळल्याचं लक्षण, असं बराच काळ मानलं जाई. १९६३ मध्ये अमेरिकेचे डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी लिहिलं, की आयुष्याकडे असं मागे वळून पाहणं स्वाभाविक आहे, उपयोगाचंही आहे. आठवणी बोलत्या करण्याच्या उपचाराला त्यातून बळ मिळालं.

तीनच वर्षांनी तिकडेच जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा संगणकाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तुमचंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी. तो कसा बनतोय हे डोळ्यांनी पाहिलेली त्यांची सेक्रेटरीसुद्धा म्हणाली, जरा बाहेर जाता का, मला याच्याशी बोलायचंय! वायझेनबाम हादरले. पण एलायझा बिचारी मनचं काही रचत नव्हती. २०२२ च्या अखेरीस घरोघर पोचलेली यंत्रं रचतात.

माझी अम्मी पंच्याऐंशीची आहे. तिला विस्मरणाचा आजार आहे. तिच्याशी बोलायला येणाऱ्या थेरपिस्ट बाई या यंत्राची मदत घेतात. विस्कळीत टिपणांतून ते सोपे प्रश्न काढून देतं, गोष्टीचं पान लिहून देतं. बाईंचा वेळ वाचतो, तो अम्मीच्या वाट्याला येतो. माझी तक्रार नाही.

एकदा मी बाईंना अम्मीच्या माहेरच्या ईदेबद्दल चार ओळी सांगितल्या. पान तयार होऊन आलं. त्यात ईदेच्या सकाळी नाना लेकीसाठी हिरव्या बांगड्या आणतात, असं होतं. इतकं सुरेख, की कवी म्हणून मला हेवा वाटला. नसलेल्या बांगड्या आणणं हा तर आमचाच धंदा! पण अम्मी पावलं टाकायला शिकली, त्याआधीच नाना गेले होते.

मी थांबवण्याआधीच बाईंनी वाचून टाकलं. अम्मी खुलली. ‘‘हौ, अब्बाच लाये थे,’’ म्हणाली.

या आजारात मेंदू गाळलेल्या जागा स्वतःच भरतो, त्यात खोटेपणा नसतो. यंत्रही तेच करतं. अशा दोघांच्या मध्ये खरं माहीत असलेलं तिसरं माणूस बसायला हवं. बाईंनी त्या वाक्यावर काट मारली. आता प्रत्येक पान त्या आधी मला दाखवतात.

अम्मी मात्र अधूनमधून मनगट चाचपते. विचारते, ‘‘मेरे चुड्यां कां हैं रे?’’

मी म्हणतो, ‘‘ठेवल्यात, अम्मी.’’