वावडे : निदानाचा एक इतिहास

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आपला ‘वावडे’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. शास्त्राला मात्र या वावड्याची ओळख कुत्र्यांच्या मृत्यूतून झाली होती. पॅरिसमध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते का, याचा शोध घेत होते. पहिली मात्रा सोसलेला नेपच्यून नावाचा कुत्रा काही आठवड्यांनंतरच्या मात्रेने अर्ध्या तासाच्या आत दगावला. १९०२ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव मिळाले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना. शरीराला पूर्वानुभवाचे स्मरण असते आणि ते घातकही ठरू शकते, हे त्यातून कळले.

अन्नाचे वावडे ओळखण्याची रीत मात्र प्रयोगशाळेतून आली नाही. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डॉक्टर अल्बर्ट रो यांनी माणसांसाठी वर्ज्य-आहाराची पद्धत रूढ केली : संशयित पदार्थ वगळायचे आणि बरे वाटल्यावर एकेक परत द्यायचा. पशुवैद्यकानेही हाच मार्ग स्वीकारला. १९६० च्या दशकात ‘आयजीई’ प्रतिपिंडाचा शोध लागला, पुढे रक्ततपासण्याही आल्या. पण कुत्र्यांच्या अन्नाच्या वावड्याबाबत त्यांच्यावर विसंबता येत नाही. पूर्वी कधीही न खाल्लेले किंवा विघटित केलेले प्रथिन सुमारे आठ आठवडे देणे आणि मग जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे, हीच आजही कसोटी आहे.

येथे ‘पूर्वी’ हा शब्द कळीचा आहे. अमेरिकेत एके काळी कुत्र्यांच्या आहारात विरळ म्हणून मेंढीचे मांस चाचणीसाठी निवडले जाई. त्याचे तयार खाद्य सर्रास मिळू लागले आणि त्याचेही वावडे आढळू लागले. २०१६ च्या एका आढाव्यातील २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांसाचे, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थांचे, १५ टक्क्यांना कोंबडीचे, तर ५ टक्क्यांना मेंढीच्या मांसाचे वावडे होते. म्हणजे कोणतेही अन्न मुळात निर्दोष नसते. त्या कुत्र्याने आजवर काय खाल्ले, याचा इतिहासच निर्णायक असतो.

हा इतिहास कुत्रा स्वतः सांगू शकत नाही. पथ्याच्या काळात लाडाने दिलेले एक बिस्किटही साक्ष बिघडवते. खाज थांबल्यावर तेच अन्न पुन्हा द्यायला मालकाचे मन धजत नाही, हेही स्वाभाविक आहे. परंतु ही पायरी गाळली, तर गुण पथ्याने आला की ऋतू बदलल्याने, हे कळत नाही आणि त्या मुक्या जिवावर कदाचित विनाकारण जन्मभराचे पथ्य लादले जाते.