पिझ्झा: भट्टीतला की कढईतला?

पिझ्झा आता तालुक्याच्या गावीही मिळतो. पण तो जिथला, त्या इटलीतल्या नेपल्स शहरात एक वाद अजून रंगतो: चांगला कुठला, भट्टीत भाजलेला की कढईत तळलेला?

भाजलेल्याच्या बाजूला राणी आहे. १८८९ साली राणी मार्गेरिटा नेपल्सला आली, तिला टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा आवडला, म्हणून त्याला तिचं नाव पडलं, असं सांगतात.

तळलेल्याच्या बाजूला गरीब घरच्या बायका आहेत. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर बॉम्ब पडले. भट्ट्या मोडल्या, चीज महागलं. तेव्हा बायकांनी एका खोलीच्या घराबाहेर कढई चढवली. पिठाचा उंडा थापायचा, असेल ते सारण भरायचं, गरम तेलात सोडायचा. पुरीसारखा टम्म फुगायचा. थोड्या पिठात मोठा घास व्हायचा.

गिऱ्हाइकाकडे रोकड नव्हती. म्हणून बोली अशी: आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या. पिझ्झ्याला नावही तेच पडलं. १९५४ च्या ‘द गोल्ड ऑफ नेपल्स’ चित्रपटात सोफिया लॉरेननं अशीच पिझ्झावाली रंगवली आहे.

२०१७ साली युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झा कारागिरीची वारसा म्हणून नोंद केली. त्या नोंदीत वर्णन आहे लाकडाच्या भट्टीचं. चवीचा वाद खुशाल चालू दे. पण पडत्या काळात शेजाऱ्यांच्या शब्दावर धंदा उभा केला तो कढईवाल्या बायकांनी. आपल्या गटातल्या बायकांना ही पत वेगळी समजावून सांगायला नको.