कोणते पान बाहेर काढायचे?

भारतात घडवलेला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक, टिफ्रॅक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९६० मध्ये कामाला लागला. त्याच्या मुख्य स्मृतीत, म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून विणलेल्या जाळीत, ४० बिटांचे जेमतेम २,०४८ शब्द मावत. त्या पिढीच्या यंत्रांवर काम मोठे असले की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच त्याचे तुकडे पाडावे लागत, आणि कोणता तुकडा कधी आत आणायचा व त्यापायी कोणता हलवायचा, याचा हिशेब आधीच कागदावर मांडावा लागे.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने उभारलेल्या अ‍ॅटलसने १९६२ मध्ये हा हिशेब स्वतःच्या शिरावर घेतला. फेराइटच्या स्मृतीतील १६ हजार आणि फिरत्या चुंबकी ड्रमवरील ९६ हजार शब्द प्रोग्रॅमला एकसंध दिसत. ५१२ शब्दांचे एक पान धरले जाई, आणि हवे ते पान स्मृतीत न सापडल्यास, ज्याला आज पेज फॉल्ट म्हणतात, यंत्र ते ड्रमवरून आणून दुसरे बाहेर धाडी. एखादे पान मागच्या खेपेपेक्षा अधिक काळ वापराविना पडून असेल, तर त्याचे काम संपले असे ते मानी. पहिल्याच प्रयत्नात यंत्राला पानांच्या सवयी ओळखायला लावणारी ही कल्पना विलक्षण धाडसी होती.

आयबीएमचे लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले की, जे पान सर्वांत उशिरा लागणार तेच काढणे उत्तम; पण पुढचे ठाऊक नसल्याने ही पद्धत मोजमापापुरतीच उरते, आणि व्यवहारात गतकाळावरूनच अंदाज बांधावा लागतो. आधी आलेले आधी काढण्याची ‘फिफो’ पद्धत अशा पद्धतींत सर्वांत सोपी, पण १९६९ मध्ये बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा विचित्र दोष उघड केला. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तो आजही वहीत चौकटी आखून पडताळू शकतात: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पाने मागितली, तर तीन फ्रेम, म्हणजे पानांच्या तीन जागा असताना ९ पेज फॉल्ट होतात आणि जागा वाढवून चार केल्यावर १०. सर्वांत जास्त काळ न वापरलेले पान काढणाऱ्या ‘एलआरयू’ पद्धतीत हेच आकडे १० वरून ८ वर येतात, कारण तिथे तीन फ्रेममध्ये असलेले प्रत्येक पान त्या क्षणी चार फ्रेममध्येही असतेच.