पिनोकिओच्या कथेचे बदलते शेवट

लाकडी बाहुला सद्‌वर्तनाने हाडामांसाचा मुलगा होतो, हा पिनोकिओच्या कथेचा शेवट जगभर परिचित असला, तरी तो तिचा पहिला शेवट नव्हे. ‘कोलोदी’ या टोपणनावाने लिहिणारे फ्लॉरेन्सचे पत्रकार कार्लो लोरेन्झिनी यांनी ही कथा जुलै १८८१ पासून रोमच्या ‘जोर्नाले पेर इ बाम्बिनी’ या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, पंधराव्या प्रकरणाअखेर, ती संपवूनही टाकली. जिभेखाली दडवलेली सोन्याची नाणी काढून घेण्यासाठी मागे लागलेले मारेकरी, म्हणजे वेष पालटलेले कोल्हा आणि मांजर, पिनोकिओला एका मोठ्या ओक वृक्षावर फासाला लटकावतात. बोचऱ्या वाऱ्यात हेलकावे खात तो बापाची आठवण काढतो आणि ताठ होऊन निश्चल होतो. आज हा शेवट क्रूर वाटतो. परंतु कोलोदींनी १८७५ मध्ये फ्रेंच लेखक पेरो यांच्या परीकथांचे इटालियन भाषांतर केले होते आणि त्यांतल्या लाल टोपीवाल्या मुलीलाही लांडगा खाऊनच टाकतो, तिला सोडवायला कोणी येत नाही.

बालवाचकांच्या मागणीमुळे आणि संपादकांच्या आग्रहामुळे फेब्रुवारी १८८२ मध्ये कथा पुन्हा सुरू झाली. मेलेल्या नायकाला उठवण्याच्या अडचणीतून कोलोदींनी काढलेली वाट मोठी मिस्कील आहे: निळ्या केसांची मुलगी बहिरी ससाण्याकरवी फासाची गाठ तोडवते आणि मग कावळा व घुबड हे दोन वैद्य रोगी मेला आहे की जिवंत, यावर गंभीरपणे वाद घालतात. पुढे हीच मुलगी परी ठरते. १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या छत्तीस प्रकरणांच्या या कथेत पिनोकिओ कष्ट करून आजारी बापाला सांभाळतो व अखेर मुलगा होतो. मात्र त्याचे लाकडी शरीर नाहीसे होत नाही. मान एका बाजूला कललेला, हात लोंबकळणारा बाहुला खुर्चीला टेकून तसाच उरतो आणि नवा मुलगा त्याच्याकडे बघून आपण पूर्वी किती हास्यास्पद होतो, असे समाधानाने म्हणतो. याला रूपांतर म्हणणे कठीण. येथे एकाची जागा दुसऱ्याने घेतली आहे.

डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटाने ही खोच काढून टाकली. तेथे बापाला वाचवताना प्राण गमावलेल्या पिनोकिओला परी जिवंत करते आणि तोच लाकडी देह मुलाचा होतो. त्याआधी, १९३६ मध्ये, रशियन लेखक अलेक्सेई टॉल्स्टॉय यांनी ‘सोन्याची किल्ली’ या आपल्या कथेत अधिक धाडसी फेरबदल केला होता. त्यांचा बुरातिनो माणूस होतच नाही. बापाच्या खोलीत कापडावर रंगवलेल्या चुलीमागचे गुप्त दार तो किल्लीने उघडतो, जुलमी मालकाकडून सुटलेल्या बाहुल्यांसह स्वतःचे नाट्यगृह थाटतो आणि लांब नाकाचा, लाकडाचाच राहून रंगमंचावर उभा राहतो.