एका अक्षराचे अंतर : राजधानीच्या बातम्यांत गल्लत होणारे इंग्रजी शब्द

नवी दिल्ली : देशातील ४१ आयुध निर्माणी कारखान्यांचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये घेतला. कामगार संघटनांनी बेमुदत संपाचा इशारा दिला. त्यानंतर ३० जून रोजी, आवश्यक संरक्षण सेवांतील संपाला मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणारा अध्यादेश राष्ट्रपतींनी जारी केला. त्या दिवसांत इंग्रजी बातम्यांमध्ये ‘ऑर्डनन्स’ आणि ‘ऑर्डिनन्स’ हे दोन शब्द शेजारी शेजारी येऊ लागले. पहिल्याचा अर्थ तोफा, दारूगोळा आणि युद्धसामग्री असा होतो, तर दुसऱ्याचा अर्थ अध्यादेश. इंग्रजी लेखनात या दोहोंमध्ये केवळ एका ‘आय’ अक्षराचा फरक आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ आणि भंडारा येथील कामगार कुटुंबांसाठी मात्र पहिला शब्द उपजीविकेचा होता आणि दुसरा संपाच्या हक्कावरील बंधनाचा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आणि संसदेच्या अधिनियमांचे अधिकृत पाठ, संसद अन्यथा ठरवीत नाही तोपर्यंत, इंग्रजीत असतात. त्यामुळे दिल्लीतील निर्णय मराठी वाचकापर्यंत बहुधा इंग्रजीतून येतो. सारखे दिसणारे किंवा समानार्थी भासणारे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, तर बातमीचा अर्थ बदलतो. काही वेळा एखाद्या व्यक्तीची अप्रतिष्ठाही होते. अशा काही प्रमुख शब्दांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

संसदेशी संबंधित शब्द

‘बिल’ म्हणजे विधेयक. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर त्याचा ‘ॲक्ट’, म्हणजे अधिनियम होतो. अध्यादेशाची तरतूद अनुच्छेद १२३ मध्ये आहे. दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असताना तो काढता येत नाही. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांच्या आत मान्यता न मिळाल्यास तो संपुष्टात येतो. आयुध निर्माणीच्या प्रकरणात संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये विधेयक संमत केले आणि अध्यादेशाची जागा अधिनियमाने घेतली.

‘ॲडजर्न’, ‘प्रोरोग’ आणि ‘डिझॉल्व्ह’ या तिन्ही शब्दांसाठी ‘संसद स्थगित’ असा एकच शब्दप्रयोग करणे चुकीचे आहे. पीठासीन अधिकारी बैठक थांबवतात, तेव्हा सभागृह ‘तहकूब’ होते. पुढील बैठकीचा दिवस न ठरवता ते थांबवले, तर ‘अनिश्चित काळासाठी तहकूब’ होते. राष्ट्रपतींनी अधिवेशन संपवल्यास ती ‘सत्रसमाप्ती’ होय. ‘विसर्जन’ केवळ लोकसभेचे होते. सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. लोकसभा विसर्जित झाल्यास मात्र तेथे प्रलंबित असलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

‘बायेनियल’ आणि ‘बायॲन्युअल’ यांतील फरक कालावधीचा आहे. राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. तिचे सुमारे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. म्हणून तिच्या निवडणुका ‘बायेनियल’, म्हणजे द्वैवार्षिक असतात. ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, अर्थात सहामाही. रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल या प्रकारचा आहे.

‘टेबल’ हे क्रियापद देशानुसार अर्थ बदलते. भारतात आणि ब्रिटनमध्ये कागदपत्र ‘टेबल’ करणे म्हणजे सभागृहाच्या पटलावर ठेवणे. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ विषय बाजूला ठेवणे, पुढे ढकलणे असा होतो. वॉशिंग्टनहून आलेली बातमी वाचताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

न्यायालयाशी संबंधित शब्द

‘अक्यूज्ड’ म्हणजे आरोपी आणि ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे दोषसिद्ध व्यक्ती. दोष सिद्ध होण्यापूर्वी आरोपीला ‘गुन्हेगार’ म्हणणे अयोग्य आहे. ‘डिस्चार्ज’ आणि ‘ॲक्विटल’ यांतही अंतर आहे. आरोपनिश्चितीपूर्वीच खटला चालवण्याइतका आधार नाही असे न्यायालयाला आढळले, तर आरोपीला ‘डिस्चार्ज’, म्हणजे दोषमुक्त केले जाते. खटला चालून आरोप सिद्ध न झाल्यास ‘ॲक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता होते. ‘बेल’, म्हणजे जामीन, या दोहोंपेक्षा वेगळा आहे. जामिनावर सुटलेल्या व्यक्तीवरील खटला चालूच राहतो.

‘स्टे’ म्हणजे स्थगिती. मूळ आदेश कायम राहतो, त्याची अंमलबजावणी तेवढी थांबते. ‘क्वॅश’ म्हणजे रद्दबातल करणे. त्यानंतर तो आदेश उरतच नाही. भूसंपादन, भरती किंवा प्रवेशप्रक्रियेच्या बातमीत हा फरक हजारो कुटुंबांच्या निर्णयांवर परिणाम करू शकतो.

‘पॅरोल’ आणि ‘फर्लो’ हे दोन्ही शब्द कैद्याच्या तात्पुरत्या सुटकेसाठी वापरले जातात. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार पॅरोलला ‘अभिवचन रजा’ आणि फर्लोला ‘संचित रजा’ म्हणतात. पॅरोलसाठी आजारपण, मृत्यू यांसारखे विशिष्ट कारण लागते. फर्लो ही दीर्घ कारावासातील एकसुरीपणा मोडण्यासाठी दिली जाणारी रजा असून, तिला असे कारण लागत नाही.

‘सँक्शन’ या एकाच शब्दाला परस्परविरोधी अर्थ आहेत. लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी ‘सँक्शन’ मिळाले, याचा अर्थ मंजुरी मिळाली. एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले, याचा अर्थ निर्बंध घातले.

‘मे’ आणि ‘शॅल’ हे कायद्याच्या भाषेतील लहान, परंतु निर्णायक शब्द आहेत. सामान्यतः ‘मे’ अधिकाऱ्याला स्वेच्छाधिकार देतो, तर ‘शॅल’ बंधन घालतो. तथापि, शब्दावरूनच निष्कर्ष काढता येत नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, लोकसेवा आयोगाशी विचारविनिमयाच्या तरतुदीत ‘शॅल’ असूनही ती अनिवार्य नाही, असा निर्णय दिला.

‘कौन्सिल’ आणि ‘कौन्सेल’ यांचा उच्चार जवळपास सारखाच होतो. पहिला शब्द परिषदेसाठी आहे, उदाहरणार्थ वस्तू व सेवा कर परिषद. दुसऱ्याचा अर्थ पक्षकाराची बाजू मांडणारा वकील किंवा सल्ला. ‘कॉन्सल’ म्हणजे वाणिज्य दूत. दिल्लीतील चाणक्यपुरीत परकीय देशांचे राजदूतावास आहेत, तर मुंबईत अनेक देशांचे वाणिज्य दूतावास आहेत.

अर्थकारणाशी संबंधित शब्द

‘पर्सेंट’ आणि ‘पर्सेंटेज पॉइंट’ यांची गल्लत वारंवार होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही घट ०.२५ टक्केबिंदूंची, म्हणजेच २५ ‘बेसिस पॉइंट’ची होती. मूळ दराच्या तुलनेत ती सुमारे ३.८५ टक्के भरते.

‘डिसइन्फ्लेशन’ म्हणजे महागाईचा दर कमी होणे. यात किमती वाढतच राहतात, परंतु पूर्वीपेक्षा मंद गतीने. ‘डिफ्लेशन’ म्हणजे किमतींची एकंदर पातळीच खाली येणे. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तर ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असे म्हणता येत नाही.

‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. ‘इकॉनॉमिक’ धोरण खर्चिकही असू शकते.

अर्थ ठरवण्याची पद्धत

शब्द संदिग्ध वाटल्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात : निर्णय कोणी घेतला, तो प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर घेतला आणि त्याचा परिणाम तात्पुरता आहे की कायमचा. तहकुबी व सत्रसमाप्ती यांतील भेद पहिल्या प्रश्नाने, दोषमुक्ती व निर्दोष मुक्तता यांतील दुसऱ्याने, तर स्थगिती व रद्दबातल ठरवणे यांतील तिसऱ्याने स्पष्ट होतो.

यांपैकी बहुतेक शब्दांना मराठीत रूढ पर्याय आहेत. राज्याच्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहार आणि न्यायव्यवहार यांसाठी परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, अनुवादक, वार्ताहर आणि न्यायालयीन कागदपत्रे हाताळणारे नागरिक यांनी इंग्रजी शब्दाच्या ध्वनीवरून अर्थ लावण्यापूर्वी त्याची मराठी संज्ञा पाहून घेणे हितावह ठरते.